रूट कॅनालमधले हट्टी जंतू आणि तीन औषधांची पेस्ट: या चुका टाळा

पिंपरीहून एक काका आले, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांच्या चार अर्धवट पट्ट्या होत्या. वरची डावी पहिली मोठी दाढ. काही वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेलं, वर कॅप, आणि गेल्या सहा महिन्यांत हिरडीवर तीनदा पुळी येऊन फुटलेली. दर वेळी नवी अँटिबायोटिक. "जंतू हट्टी झालेत म्हणे," काका म्हणाले. "आणि मी आयुष्य काढलं पेनिसिलिनच्या कारखान्यात!" १९५४ साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून ते निवृत्त झाले होते. दुखण्यापेक्षा अपमानच जास्त झाल्यासारखा चेहरा होता.

कॅप काढून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर हट्ट जंतूंचा नव्हताच. या दाढेच्या पुढच्या, गालाकडच्या मुळात बहुतेक वेळा एक नाही, दोन कॅनाल असतात. दुसऱ्याला आम्ही एमबी-टू म्हणतो. तो पहिल्या खेपेला कुणी उघडलाच नव्हता. आत मेलेली नस, तिच्यावर पोसलेले जंतू, आणि बाहेर काका दिवसाला दोन गोळ्या गिळताहेत.

हा लेख दवाखाना नुकताच थाटलेल्या दंतवैद्यांसाठी आहे. पेशंटनी वाचला तरी बिघडत नाही, उलट बरंच. रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं, हा शब्द आपण फार लवकर तोंडावर आणतो. खरे चिवट जंतू असतात, त्यांच्यावर औषधांचं मिश्रण चालतंही. पण मी पाहिलेल्या फसलेल्या केसेसमध्ये मिश्रणाआधीचं काहीतरी राहिलेलं असतं, नाहीतर मिश्रणच चुकीचं झालेलं असतं.

गोळीवर गोळी बदलत राहणं

पोटात घेतलेली गोळी रक्तातून फिरते. नस मेलेल्या दातात रक्त जातच नाही. म्हणजे औषध हाडापर्यंत येतं, सूज उतरते, पेशंट खूश होतो, आणि कॅनालमधली वसाहत जिथल्या तिथे. दोन-तीन आठवड्यांनी पुळी परत. मग आपण म्हणतो, जंतू गोळीला दाद देत नाहीत. अहो, गोळी त्यांच्यापर्यंत पोचली कुठे?

नुसता ठणका असेल, नस सुजलेली पण जिवंत असेल, तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शनातही हेच स्पष्ट लिहिलंय. तिथे दात उघडणं हाच इलाज. तरी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आपल्याकडे दातदुखीची गोळी म्हणून घराघरात ओळखीची झालीय. जुलाबावरची उरलेली पट्टी दातालाही चालते, असा लोकांचा समज. ऑफ्लॉक्सासिनच्या कुटुंबातली औषधं क्षयरोगाच्या जंतूंनाही थोडी दाबतात, त्यामुळे खोकणाऱ्या माणसाचं निदान लांबू शकतं. दाताच्या चिठ्ठीवर हे कुणी लिहीत नाही.

चिवट म्हणजे नेमकं काय

उपचार होऊनही बिघडलेल्या कॅनालमध्ये वारंवार सापडणारा जंतू म्हणजे एन्टेरोकॉकस फिकॅलिस. महाशय उपाशी राहू शकतात, डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, बारीक नळ्यांत शिरून बसतात, आणि विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा चिकट थर करून राहतात. त्या थराला बायोफिल्म म्हणतात. आपण सिटिंगच्या मध्ये जे कॅल्शियम हायड्रॉक्साईड भरतो, तो रसायनाच्या भाषेत पानाला लावायचा चुनाच. त्याचा पीएच १२.५च्या आसपास. एवढ्या क्षारात बरेच जंतू मरतात, पण डेंटिन तो क्षार शोषून सौम्य करतं आणि हा गडी आत शिरणारा क्षार पेशीतल्या पंपाने तोलत जगतो. साधारण ११.५च्या खाली आला की त्याचं निभावतं.

म्हणून मिश्रण. १९९६ साली जपानमधल्या निगाता विद्यापीठात होशिनो आणि सहकाऱ्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन तपासलं. एकेकट्या औषधाने सगळे जंतू गेले नाहीत, तिन्ही एकत्र दिल्यावर गेले. कारण सरळ आहे. मेट्रोनिडाझोल प्राणवायूशिवाय जगणाऱ्यांना मारतं, सिप्रो मुख्यतः ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंना, मिनोसायक्लिन प्रथिनं बनवणंच थांबवतं. एकातून निसटलेला दुसऱ्यात सापडतो. मात्र एन्टेरोकॉकसवर मेट्रोनिडाझोल मुळीच चालत नाही. म्हणजे दात काळा पडेल या भीतीने मिनोसायक्लिन काढून टाकलंत, तर त्याच्याविरुद्ध उरलं एकटं सिप्रो. हा हिशोब डोक्यात ठेवून मगच निवड करा.

घाण तशीच ठेवून पेस्ट भरणं

ही सगळ्यात महागडी चूक. पेस्ट साफ केलेल्या कॅनालमध्ये काम करते, घाणीवर थापून नव्हे. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबरी पडदा, न लावता दात उघडला, तर लाळेतले नवे पाहुणे आपणच आत सोडतो. जंतू मारणारं सोडियम हायपोक्लोराइट (आमच्या भाषेत हायपो) भरपूर आणि वेळ देऊन, मग १७ टक्के ईडीटीएचं द्रावण, म्हणजे फाईलने घासताना भिंतीवर बसलेला थर निघतो आणि औषधाला नळ्यांची तोंडं उघडी मिळतात. क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक वापरायचं असेल, तर मध्ये आधीचं हायपो सलाईनने धुऊन आणि पेपर पॉइंटने, म्हणजे कागदी काडीने, टिपून घ्या. दोन्ही थेट भेटले की विटकरी गाळ तयार होतो आणि नळ्या बुजवून टाकतो.

एक गोळी, एक गोळी, एक कॅप्सूल

पेस्ट आपण बाजारातल्या गोळ्यांतून घरीच करतो, आणि प्रमाण इथेच बिघडतं. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी तीन पट्ट्यांतून एकेक नग काढला, खलात टाकला आणि म्हणाली, "सर, एकास एकास एक." मी म्हटलं, पट्टी वाच. सिप्रो ५००, मेट्रो ४००, मिनोसायक्लिन १००. झालं किती? पाचास चारास एक. ज्या औषधावर सगळ्यात जास्त भिस्त, तेच सगळ्यात कमी.

बरोबर करायचं तर मिनोसायक्लिनची एक कॅप्सूल, सिप्रोच्या गोळीचा पाचवा भाग, मेट्रोच्या गोळीचा चौथा भाग. प्रत्येकी १०० मिलीग्रॅम होतात. पाचवा भाग डोळ्याने काढायचा नाही. गोळीत औषधाशिवाय इतरही पावडर असते, तेव्हा आख्खी गोळी दळून तिचं वजन करायचं आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. सराफ वापरतात तसला छोटा काटा दवाखान्यात हवाच. दळण्याआधी गोळीवरचं रंगीत आवरण ब्लेडने खरवडून काढा. ते राहिलं की पेस्टमध्ये पापड्यांसारखे तुकडे येतात आणि लेंट्युलोत, म्हणजे पेस्ट भरायच्या बारीक स्प्रिंगमध्ये, अडकतात. तिन्ही पावडरी वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत, ओल आणि उजेडापासून लांब, फ्रिजमध्ये ठेवा. मिश्रण ऐनवेळी, लागेल तेवढंच. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा अशी असते की उघडी राहिलेली पावडर दुपारपर्यंत गोळा होते. आदल्या आठवड्यातली तयार पेस्ट वापरू नका, मग ती कितीही चांगली दिसो.

दात पाटीच्या रंगाचा होणं

इथे चूक माझीच. दवाखाना सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील. सायकलवरून पडलेला अकरा वर्षांचा मुलगा, वरचा पुढचा दात मेलेला, मुळाचं टोक अजून उघडं. २००४ साली बँक्स आणि ट्रोप यांनी अशाच उघड्या टोकाच्या दातात ही पेस्ट वापरून मूळ पुढे वाढल्याची केस छापली होती, ती मी नुकतीच वाचलेली. उत्साहाने पेस्ट भरली, ती थेट वर दाताच्या पोकळीपर्यंत. महिन्याने आजी त्याला घेऊन आली, नातवाची हनुवटी वर धरली आणि म्हणाली, "डॉक्टर, दात वाचवलात हो, पण हा पाटीच्या रंगाचा केलात. आता याच्यावर पेन्सिलीने लिहायचं का?"

मिनोसायक्लिन डेंटिनमधल्या कॅल्शियमला घट्ट चिकटतं आणि उजेडाने करडं-निळं होतं. नंतर आतून ब्लीच करून रंग बराच उजळला, पूर्ण गेला नाही. आता मी पुढच्या दातात मिनोसायक्लिन वापरत नाही. वापरायचंच झालं, तर आधी वरच्या पोकळीच्या भिंती बाँडिंगने सील करायच्या, पेस्ट बारीक सुईने हिरडीच्या रेषेखालीच सोडायची आणि वर लागलेला कण न् कण पुसायचा. मिनोऐवजी डॉक्सी टाकण्याची पळवाट शोधू नका, तीही टेट्रासायक्लिनच.

जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगली?

चमच्याला चिकटून राहील अशी घट्ट पेस्ट मिलीलिटरला १००० मिलीग्रॅमच्या घरात जाते. मूळ वाढवायचं असलेल्या दातात ज्या मूळपेशींवर (स्टेम सेल्सवर) आपली सगळी मदार, त्या एवढ्या औषधात मरतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स अशा दातांसाठी मिलीलिटरला १ ते ५ मिलीग्रॅम सांगते. वरच्या हिशोबातली ३०० मिलीग्रॅम पावडर घेतलीत, तर ५च्या प्रमाणासाठी ६० मिली डिस्टिल्ड वॉटर लागेल. ते दिसायला गढूळ पाणीच असतं. बघून विश्वास बसत नाही आणि हात आणखी पावडर घालायला जातो. घालू नका. पाणी कॅनालमध्ये टिकत नाही असं वाटलं, तर मिथाइल सेल्युलोजच्या जेलमध्ये मिसळा. अशा दातात हायपोही १.५ टक्क्याचंच.

आणि जे भरलं ते पुरतं निघत नाही. २०१४च्या एका अभ्यासात धुतल्यानंतरही ८० टक्क्यांहून जास्त पेस्ट डेंटिनमध्ये उरलेली सापडली, कॅल्शियम हायड्रॉक्साईड मात्र बहुतेक निघून गेलं. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजी २०१६पासून उघड्या टोकाच्या दातांसाठी चुन्यालाच पसंती देते. माझाही कल हल्ली तिकडेच. पेस्ट मी राखून ठेवतो, चुन्याने दोन सिटिंगमध्ये न आटोपलेल्या दातांसाठी.

टेम्पररी फिलिंग साडेतीन मिलिमीटरपेक्षा पातळ झालं की ते गळतं, आणि आतली पेस्ट लाळेत विरघळते. प्रोब घालून खोली मोजा. पेशंटला सांगा, त्या बाजूने चिक्की नको.

दुधाच्या दाढा आणि इतर सावधगिऱ्या

लहान मुलांत कॅनाल न घासता नुसती पेस्ट ठेवण्याची पद्धत आहे. ती मुळं झिजलेल्या आणि वर्षभरच टिकवायच्या दुधाच्या दाढेसाठी. तीही टेट्रासायक्लिन न घालता, खाली कायमचे दात तयार होत असतात.

पेस्ट जेमतेम चिमूटभर असली तरी अ‍ॅलर्जी विचारायचीच. गरोदर बाईला मिनोसायक्लिन नको. पोटातून मेट्रोनिडाझोल देत असाल, तर रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू आहे का आणि दारू घेता का, हे दोन प्रश्न न लाजता विचारा. दुसऱ्या प्रश्नाला बायको बरोबर असेल तर उत्तर खरं येत नाही, तेव्हा तो फोनवर विचारा.

दुसऱ्या ड्रेसिंगनंतरही पू येतोय

पेस्ट बदलण्याआधी हा क्रम लावा. कॅनाल राहिलाय का? शंका असेल तर सीबीसीटी, म्हणजे दाताचा त्रिमितीय एक्सरे, काढा. काम टोकापर्यंत झालंय का, की दोन मिलिमीटर वरच थांबलोय? फिलिंग किंवा जुनी कॅप गळतेय का? हिरडी आणि मुळाच्या मध्ये एकाच जागी खोल, अरुंद पॉकेट लागतंय का? तसं असेल तर मूळ उभं तडकलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तडकलेल्या मुळाला जगातली कुठलीही पेस्ट जोडत नाही. पू खरंच दाताचाच आहे का, शेजारच्या दाताचा किंवा हिरडीचा नाही ना? हे सगळं नीट असेल, तरच चिवट जंतूंकडे वळा. तिथेही मिश्रणाला तीन-चार आठवडे द्या आणि एकदाच. तेवढ्याने नाही भागलं, तर जंतूंनी मुळाच्या टोकाबाहेर घर केलेलं असू शकतं. मग टोक कापून काढण्याची शस्त्रक्रिया.

गोळ्यांची खरी वेळ कधी, हेही सांगून ठेवतो. ताप, गालावर पसरणारी सूज, तोंड उघडेना, गिळवेना. तेव्हा अमॉक्सिसिलिन, गरज पडली तर सोबत मेट्रोनिडाझोल, आणि त्याच दिवशी पू काढून टाकणं. क्लॅव्हुलानेट जोडलेलं अमॉक्सिसिलिन दिलं असेल, तर वर मेट्रो सहसा लागत नाही, ते प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंनाही पुरतं. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आली, जीभ वर उचलली गेली, श्वास जड झाला, तर दवाखान्यात थांबवून घेऊ नका. ससूनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पाठवा, रात्री दोन वाजले असले तरी.

काकांचा एमबी-टू उघडला, धुतला, दोन आठवडे चुना भरला आणि भरून टाकला. मिश्रणाची वेळच आली नाही. वर्षाच्या एक्सरेत मुळाच्या टोकाशी हाड भरून आलेलं दिसत होतं. खिशातल्या पट्ट्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "या आता घरी ठेवू का, उपयोगी पडतील कधी?"

मी त्या तिथेच ठेवून घेतल्या.