गावातल्या सरकारी प्राथमिक शाळांची तुलना कशी करावी

गावात दोन-तीनच सरकारी शाळा असल्या की लोक आधी निकाल विचारतात. लहान शाळेत हाच आकडा सर्वांत जास्त फसवतो. वर्गात 8 मुले असतील, तर एक मूल मागे पडताच निकाल 100 वरून 87.5 टक्क्यांवर येतो. म्हणून टक्के विचारू नका, मुले विचारा आणि सलग तीन वर्षांची बेरीज करा. समजा 8 पैकी 7, 9 पैकी 6 आणि 7 पैकी 6 मुले पास झाली. एकूण 24 पैकी 19, म्हणजे साधारण 79 टक्के. हेच वर्षावार पाहिले तर 88, 67, 86 अशा उड्या दिसतात आणि त्यावरून उगाच निष्कर्ष निघतात. परीक्षेला किती मुले बसलीच नाहीत, तेही विचारा. कच्ची मुले त्या दिवशी घरी राहिली की निकाल आपोआप सुधारतो.

मग शिक्षक. 30 मुलांना 2 शिक्षक हे ऐकायला झकास वाटते. पण पाच इयत्ता असतील, तर एकेकाकडे दोन-तीन वर्ग येतात आणि 40 मिनिटांच्या तासिकेत एका वर्गाच्या वाट्याला 13 ते 20 मिनिटेच उरतात. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि तीन वर्षांत किती शिक्षक बदलले, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना सरळ विचारा.

शाळा पाहायला त्यांची परवानगी घेऊन साध्या दिवशी जा, कार्यक्रमाच्या दिवशी नको. पटावर किती आणि वर्गात किती, हे मोजा. शिक्षक एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी काय करते, तिकडे लक्ष ठेवा, कारण बहुवर्ग शाळेचा कस तिथेच लागतो. मुले फळ्यावरचे नुसते उतरवून घेत असतील तर तो वेळ वाया जातोय. गणिते सोडवून एकमेकांची तपासत असतील, तर शिक्षकाने तयारी केलेली आहे.

तीन वह्या मागा: हुशार मुलाची, मध्यम मुलाची आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्याची. चूक दाखवल्यावर मुलाने ती पुन्हा सोडवली आहे का? नुसती लाल बरोबरची खूण आणि सही काहीच सांगत नाही. तिसरी वही सर्वांत बोलकी. बुडालेला भाग कुणी भरून घेतला की नाही, ते तिच्यात दिसते.

वाचन तपासायचे तर दोन्ही शाळांतल्या ओळखीच्या मुलांना, घरच्यांना विचारून, एकच न पाहिलेला उतारा द्या, एक इयत्ता खालचा. पाठ्यपुस्तकातला नको, तो अनेकांना पाठ असतो. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, त्यातला एक 'का' असा. दोन-चार मुलांवरून शाळेला गुण देता येत नाहीत, पण कच्चेपणा अक्षरओळखीत आहे की अर्थ समजण्यात, एवढे कळते.

स्वच्छतागृह आहे का, एवढ्यावर थांबू नका. किल्ली कुणाकडे असते आणि आत पाणी येते का, ते पाहा.

शेवटी रस्ता. शाळेच्या वेळेला, मुलाच्या चालीने, स्वतः चालून पाहा आणि पावसात ओढा भरला की वाट बंद होते का, ते शेजाऱ्यांना विचारा. बाकी सगळे सारखे उतरले तर जवळची शाळा घ्या.