विमानाच्या सिम्युलेटरमध्ये सेस्ना १७२एस हे छोटं विमान अचानक बंद पडलं तर

संभाजीनगरहून नांदेडला जाताना इंजिन थांबलं, तर आधी नाक सावरून वेग ६८ नॉटवर धरा. मग इंधन शटऑफ (इंधन तोडणारी कळ) आत, सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, पंप चालू, मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच म्हणजे इंधन जास्त, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) ‘बोथ’वर. पंखा फिरत असेल तर स्टार्टर लागत नाही.

तरीही बंद? मग बिघाड बहुधा तुमच्या टेबलावर आहे. जॉयस्टिकचा अक्ष चुकून मिक्स्चरलाही जोडलेला असला, तर तो हलताच इंधन तुटतं. कंट्रोल सेटिंगमध्ये तो दुहेरी जोड काढा, डेडझोन (जिथे जॉयस्टिकची किंचित हालचाल धरली जात नाही) थोडा वाढवा. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम बिघाड घडवण्याचा पर्याय चालू नाही ना, तेही तपासा.

पावसाळी हवेत जुन्या कार्ब्युरेटरवाल्या १७२ मध्ये कार्ब्युरेटरमध्ये (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरतो. तिथे कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा. १७२एसला ती नसतेच.