थायलंडात प्रश्नावली नेताना: आधी नववा प्रश्न

पीएचक्यू-नाइन, म्हणजे नैराश्य चाचपायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, थायलंडातल्या गावांत संशोधनासाठी घेऊन जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी एक गोष्ट ठरवा. नवव्या प्रश्नापुढे कुणी खूण केली, तर त्याच संध्याकाळी त्या माणसाच्या घरी कोण जाणार? नाव लिहा, फोन नंबर लिहा. ती व्यक्ती रजेवर असली तर दुसरी कोण, तेही लिहा. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात येतात का, हा तो प्रश्न. मी कागदावर सगळं लिहिलं होतं, फक्त हे सोडून.

नीतिसमितीची मंजुरी, संमतीपत्र वगैरे तुम्हाला ठाऊक आहे. थायलंडचा वैयक्तिक माहितीचा कायदा १ जून २०२२ पासून लागू आहे आणि आरोग्याच्या माहितीला स्पष्ट संमती लागते, तेवढं ध्यानात ठेवा. पुढे.

आपल्याला खरंच नवं भाषांतर हवंय का, हे आधी बघा. पीएचक्यू-नाइनची थाय आवृत्ती २००८ मध्येच बँकॉकच्या रामाथिबोदी रुग्णालयातल्या रुग्णांवर तपासून झाली आहे. जितक्या गुणांपासून नैराश्याची शंका घ्यायची ती सीमारेषा मूळ इंग्रजीत १० ला धरतात, तिथे ९ वर आली. शिवाय थायलंडच्या सरकारी मानसिक आरोग्य विभागाची प्रश्नावल्यांची स्वतःची साखळी आहे: आधी दोन प्रश्नांचं टूक्यू, मग नाइनक्यू, मग आत्महत्येचा धोका मोजणारं एटक्यू. नाइनक्यू आणि पीएचक्यू-नाइन एक नव्हेत! दोन्हींत नऊ प्रश्न, दोन्हींत कमाल २७ गुण, पण नाइनक्यूची रेषा ७ वर आहे. आमच्या गटातल्या एकाने दोन्हींचे गुण एकाच रकान्यात भरले. निस्तरायला आठवडा गेला.

भाषांतर करायचंच असेल तर आपल्या मराठी डोक्याला एक सूचना: ओळखीचे शब्द दिसले की हुरळून जाऊ नका. पाली-संस्कृतातून गेलेले शब्द तिथे भलतेच झाले आहेत. ‘मोहो’ म्हणजे राग. ‘साँगसान’ हा आपला संसार, पण अर्थ कीव. ‘वेत्थना’ म्हणजे वेदना असं मी बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा समोरच्या बाई गोड हसल्या. त्याचाही अर्थ दया येणं. आणि ‘माना’ म्हणजे मान किंवा गर्व नव्हे, चिकाटी. मनःस्थितीचे खरे शब्द ‘चाइ’ला, म्हणजे मनाला, जोडून येतात. ‘सिया चाइ’ म्हणजे दुःख, ‘क्लुम चाइ’ म्हणजे घोर लागणं, ‘नॉय चाइ’ म्हणजे आपल्याच माणसाने किंमत केली नाही म्हणून वाईट वाटणं. या तिसऱ्याला मराठीत ‘रुसवा’ म्हणावं तर हलकं होतं आणि ‘मन खट्टू होणं’ म्हणावं तरी पुरत नाही. तुमच्या ‘खिन्न’च्या जागी यातला कुठला बसतो, हे शब्दकोश सांगणार नाही. थायमधून पुन्हा मूळ भाषेत केलेलं ‘उलट भाषांतर’ झकास जुळलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. दोन्ही भाषांतरकार बँकॉकचे पदवीधर असले की ते जुळणारच.

म्हणून दहा-बारा गावकऱ्यांना बसवून एकेक प्रश्न वाचा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारा. ‘कळलं का?’ असं विचारू नका. ‘क्रेंग चाइ’ नावाची भिडस्त रीत अशी की समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ‘कळलं’ असंच सांगतील. उत्तरांचे रकानेही वाचून घ्या. ‘काही दिवस’ आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ यातला फरक आम्हाला जितका लख्ख वाटत होता तितका तो एकाही आजीला वाटला नाही. आणि नवव्या प्रश्नाला म्हातारी माणसं सहज म्हणतात, वेळ आली की जायचंच. ही विरक्ती की धोका, ते खूण बघून कळत नाही, बोलूनच कळतं. बोलायला माणूस लागतो. त्या माणसाचं नाव लिहिलंत का?

ईशान भागात, म्हणजे थायलंडच्या ईशान्येला, जात असाल तर छापील मध्य-थाय मजकूर स्वयंसेविका तोंडी ईशानीत करून विचारणार, प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने. कागदावर ‘खुन’ म्हणजे ‘तुम्ही’ असलं तरी ती ‘याय’, ‘लुंग’ म्हणजे आजी, काका म्हणूनच सुरुवात करेल. ते थांबवू नका, पण शब्द आधी एकत्र बसून ठरवा. नाइनक्यू मुळात ईशानीत घडलं आणि मध्य-थायीत नंतर आलं, त्यामागे हेच कारण.

जन्मवर्ष बौद्ध सनात येतं, ५४३ वजा करा. २५०० साली जन्मलेला माणूस म्हणजे आपला १९५७ चा. अगदी वृद्धांच्या बाबतीत आणखी एक खोच: १९४१ पूर्वी त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधले जन्म वर्षभराने चुकतात.

आता काय झालं ते सांगते. गोपनीयता म्हणून आम्ही फॉर्म पाकिटात घालून चिकटवत होतो, उघडायचे ते एकदम बँकॉकला. तिथे आकडे भरताना एका फॉर्मवर नवव्या प्रश्नाच्या शेवटच्या रकान्यात, ‘जवळजवळ रोज’ खाली, खूण दिसली. तारीख नऊ दिवसांपूर्वीची. फॉर्मवर फक्त कोड, कोडची यादी कुलपात, चावी ज्यांच्याकडे ते सोंगक्रानच्या, म्हणजे थाय नववर्षाच्या, सुट्टीत गावी. पुढचे दीड दिवस मी जन्मात विसरणार नाही. बाई सुखरूप होत्या. दाराशी आम्हाला बघून त्यांनी एवढंच विचारलं, ‘एवढे दिवस कुणी आलं कसं नाही?’

तेव्हा फॉर्म त्याच दिवशी उघडा, गाव सोडण्याआधी. निदान नववा प्रश्न तरी बघा, बाकीचे आठ राहू देत. तंबोनच्या (काही गावांच्या गटाच्या) आरोग्यकेंद्रातल्या, म्हणजे ‘रॉ फॉ सॉ तॉ’मधल्या, नर्सशी आधी बोलून ठेवा. एटक्यू विचारायचं तिला शिकवलेलं असतं, तुम्हाला नाही. १३२३ ही त्यांची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर छापा, खूण केलेली असो वा नसो.

राहिलेलं भराभर. लावणी-कापणीत जाऊ नका, कुणी भेटत नाही. सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल, त्याच्या आगेमागेही नको. सीमारेषा नव्याने काढायची तर निदानाची मुलाखत वेगळ्या माणसाने घ्यावी, गुण न बघता. बेकची नैराश्याची प्रश्नावली विकत घ्यावी लागते, पीएचक्यू फुकट आहे. विश्लेषणाचं तुमचं तुम्ही बघा.

आणि कोडच्या यादीची चावी. ती गावात असलेल्या माणसाकडे द्या.