विदर्भातल्या जिल्ह्यांची लोकसंख्या कशी तोलून पहायची

आमच्या गावच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी पोरं बसतात, कोणालाही विचारा विदर्भात सगळ्यात जास्त लोकसंख्या कुठं तर नागपूर, सगळ्यात कमी कुठं तर गडचिरोली, उत्तर बरोबर आहे पण तेवढं पाठ करून थांबतात याचं मले खरंच वाईट वाटते. म्हणून पद्धत सांगतो, वही अन मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

2011 च्या जनगणनेचे अकराही जिल्ह्यांचे आकडे एकाखाली एक लिहा, बाजूला क्षेत्रफळ. नागपूर 46,53,570 आणि गडचिरोली 10,72,942, म्हणजे चौपटीच्या वर फरक. आता क्षेत्रफळानं भागा. नागपूर 9,892 चौरस किमी, गडचिरोली 14,412, विदर्भात सगळ्यात मोठा जिल्हा आणि बहुतेक जंगलच. उत्तर येते एका चौरस किमीत 470 माणसं तिकडं अन 74 इकडं, म्हणजे फरक सहापटीच्या वर गेला. दवाखाना, एसटी, शाळा किती दूर असंल याचा अंदाज या 74 वरून येते, नुसत्या 10 लाखावरून नाही येत.

आता मोठं शहर बाजूला काढा, ही पायरी कोणी करत नाही पण मले सगळ्यात महत्त्वाची वाटते. नागपूर शहराचे 24,05,665 वजा केले की जिल्ह्यात उरतात 22,47,905. शहराची सव्वादोनशेच्या आसपास चौरस किमी जागाही वजा करा, मग 230 च्या थोडं वर येते. अमरावती जिल्हा शहर धरून 237 आहे! म्हणजे काटोल-नरखेड-भिवापूरकडचं नागपूर आपल्यासारखंच आहे, 470 पाहून त्याले शहरी समजू नका.

जुन्या जनगणनेशी तुलना करताना जिल्हा कधी फुटला ते पहा. वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून निघाला, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. 1991 चा भंडारा अन 2011 चा भंडारा शेजारी ठेवले तर लोकसंख्या घटली असं वाटंल, तिथं गोंदिया मिळवून 25,22,841 घ्यायचे.

तालुक्याच्या, गावाच्या आकड्यांसाठी जिल्हा जनगणना पुस्तिका पहा, जनगणनेच्या वेबसाईटवर फुकट मिळते. तिच्यात काही गावांपुढं शून्य दिसंल, ती चूक नाही, त्या रिठी आहेत, शिवार आहे पण वस्ती नाही. गावामागं सरासरी काढायची तर रिठी आधी वगळा.

अजून एक, आपल्या पूर्वेकडच्या गावांसाठी. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, आणि गडचिरोली, चंद्रपूरकडचे मजूर त्याच दिवसांत मिरची तोडाले तेलंगणात असतात. मोजणीचे सगळे दिवस माणूस बाहेरच असंल तर तो जिथं आहे तिथं मोजला जाते. म्हणून एखाद्या गावचा आकडा कमी वाटला तर आधी तिथल्या लोकांले विचारा, त्या महिन्यात गावात कोण कोण होतं. पुढची मोजणी 2027 च्या फेब्रुवारीत आहे, घरचं कोणी तोडाईले जाणार असंल तर त्याले आत्ताच सांगून ठेवा, मुक्कामी प्रगणक आला की आपलं अन सोबतच्या लेकरांचं नाव तिथं लिहून घ्यायचं.