दुसऱ्याच्या मशीनवरही बिल्ड होईल असं डेबियन पॅकेज कसं बनवायचं, कंपायलर आणि डिपेंडन्सीच्या एररसकट

दादर-गिरगावातल्या छापखान्यांकडे आणि छोट्या प्रकाशकांकडे अजून ढिगाने मजकूर पडलाय जो युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, म्हणजे तो फॉन्ट मशीनवर नसला की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे छोटे प्रोग्राम कॉलेजची मुलं आणि डीटीपीवाले लिहितात, सोर्सही मोकळा ठेवतात, पण चालतात ते फक्त लिहिणाऱ्याच्याच लॅपटॉपवर. छापखान्यातल्या माणसाला मेकफाइल, म्हणजे सोर्सपासून प्रोग्राम कसा बिल्ड करायचा ते सांगणारी फाइल, दाखवून काय उपयोग? त्याला एका कमांडीत इन्स्टॉल व्हायला पाहिजे, अपडेट यायला पाहिजे, आणि नको असेल तेव्हा मागे काही न ठेवता निघायला पाहिजे, आणि हे फक्त पॅकेजनेच होतं, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सला ओळखता येईल अशा बांधलेल्या फाइलीने.

तर आपण असाच एक प्रोग्राम धरू, नाव समजा लिपीबदल, सी मध्ये लिहिलेला, लिबएक्सएमएल२ (एक्सएमएल वाचणारी) आणि आयसीयू (युनिकोड हाताळणारी) या दोन लायब्रऱ्या वापरणारा, सोबत हाताने लिहिलेली मेकफाइल. मशीनवर डेबियन १३ आहे असं समजा, त्यात जीसीसी १४ हा कंपायलर येतो. उबुंटूवर जवळपास सगळं असंच आहे, जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

आधी सोर्सकडे बघा

लायसन्सची फाइल आहे का ते पहिलं बघायचं. सोर्स कुठेतरी उघडा पडलाय म्हणून तो ओपन सोर्स होत नाही, फाइल नसेल तर लेखकाला मेल करून ती घालून घ्या, त्याशिवाय पुढे जाऊ नका. मग रिलीजची टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आणि गिटमधला, म्हणजे कोडचा इतिहास जिथे ठेवतात तिथला, त्याच टॅगचा सोर्स शेजारी ठेवून डिफ मारा, फरक काय ते दिसेल. हा कंटाळवाणा प्रकार वाटेल पण मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये जो बॅकडोर (लपवलेली चोरवाट) सापडला त्याला चालू करणारी बिल्डची स्क्रिप्ट टारबॉलमध्ये होती आणि गिटमध्ये नव्हती, आणि अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन थोडं हळू का होतंय असा प्रश्न पडला म्हणून ते उघडकीला आलं. आणि सोर्समध्ये थर्ड-पार्टी वगैरे नावाच्या फोल्डरमध्ये लायब्रऱ्यांच्या कॉप्या कोंबलेल्या असतील तर त्या वापरू नका, सिस्टिमची लायब्ररी वापरा. नाहीतर त्या लायब्ररीत उद्या सिक्युरिटीचं भोक सापडलं की सगळ्यांना फिक्स मिळेल आणि तुमच्या पॅकेजमध्ये ते तसंच राहील.

पॅकेजच्या आधी हाताने बिल्ड करा

बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, डेव्हस्क्रिप्ट्स, डेबहेल्पर, डीएच-मेक, क्विल्ट, एसबिल्ड, लिन्टियन आणि ॲप्ट-फाइल एवढं इन्स्टॉल करा, ॲप्ट-फाइलचा अपडेट एकदा चालवून घ्या. मग सोर्सच्या फोल्डरमध्ये नुसतं मेक. सुडो लावून मेक इन्स्टॉल मात्र अजिबात करायचं नाही, कारण ते सगळं यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि कंपायलर हेडर (लायब्ररीत कुठली फंक्शन्स आहेत ते सांगणारी फाइल) शोधताना यूएसआर-लोकल आधी बघतो. सहा महिन्यांनी तिथलं जुनं हेडर आणि सिस्टिमची नवी लायब्ररी अशी जोडी जमते आणि मग ज्या एरर येतात त्यांचा अर्थ लावता लावता दिवस जातो. कुठलीही विचित्र एरर आली की आधी यूएसआर-लोकलच्या इन्क्लूड आणि लिबमध्ये काही पडलंय का ते बघायची सवय लावून घ्या.

मेकचं आउटपुट, एररसकट, टी कमांडने फाइलमध्ये पण जाऊ द्या. आणि एरर आली की मायनस जे १ देऊन परत चालवा, म्हणजे एका वेळी एकच काम होईल आणि ओळी एकमेकांत मिसळणार नाहीत. मग लॉग उघडून एरर हा शब्द वरून खाली शोधायचा आणि पहिल्या एररवर थांबायचं. पहिली. शेवटच्या ओळीत मेक फक्त एवढंच सांगतं की काहीतरी फसलं, आणि लोक नेमकी तीच ओळ कॉपी करून मदत मागतात, त्यावरून कोणीही काही सांगू शकत नाही. पहिली सुटली की तिच्याखालच्या पन्नास बऱ्याचदा आपोआप जातात.

नेहमी येणाऱ्या एरर

हेडर सापडत नाही, म्हणजे पार्सर डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. ॲप्ट-फाइल सर्चला ते नाव दिलं की कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते कळतं, इथे लिबएक्सएमएल२-डेव्ह. ते टाकलं, आणि तरी तीच एरर! इथे नवीन माणूस हमखास अडकतो. लिबएक्सएमएल२ ची हेडर्स थेट इन्क्लूडमध्ये नसतात, आत लिबएक्सएमएल२ नावाचं फोल्डर असतं आणि त्याच्या आत लिबएक्सएमएल, म्हणजे कंपायलरला एक जास्तीचा पाथ सांगावा लागतो. तो मेकफाइलमध्ये हाताने लिहू नका, दुसऱ्या डिस्ट्रोवर वेगळा असू शकतो. पीकेजी-कॉन्फिगला विचारा, सीफ्लॅग्ज मागितले की पाथ देतं आणि लिब्ज मागितले की लिंकरचे (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या टूलचे) फ्लॅग्ज देतं, आयसीयूलाही तेच.

इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन. जुन्या कोडवर जीसीसी १४ लावला की ही सगळ्यात जास्त दिसते. डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरायची मुभा सी९९ नेच काढून घेतली होती, पण जीसीसी वर्षानुवर्षं नुसती वॉर्निंग द्यायचा, मे २०२४ मध्ये आलेल्या १४ पासून ती एरर झाली. लिपीबदलमध्ये समजा स्ट्रकेसस्ट्र वापरलंय. मॅन पेज उघडलं की वरच लिहिलेलं असतं की हे स्ट्रिंग डॉट एच मध्ये आहे आणि त्याआधी जीएनयू-सोर्स हा मॅक्रो डिफाइन करावा लागतो. ती एक ओळ फाइलच्या अगदी वर घाला, सगळ्या इन्क्लूडच्या आधी, झालं काम. एरर बंद करणारा फ्लॅग शोधून लावायचा मोह होतो, कृपा करून लावू नका. डिक्लेअर न केलेलं फंक्शन कंपायलर इंट परत करतं असं धरून चालतो, इंट ३२ बिटांचा, आणि स्ट्रकेसस्ट्र देतं ६४ बिटांचा पॉइंटर, अर्धा पत्ता कापला जातो आणि प्रोग्राम छापखान्यातल्या माणसासमोर क्रॅश होतो. कंपायलर इथे खरा बग दाखवतोय.

मल्टिपल डेफिनिशन ऑफ अमुक. एका हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल ठेवलंय आणि ते हेडर तीन फाइलींत घेतलंय. जीसीसी १० च्या आधी हे खपून जायचं, २०२० पासून नाही. हेडरमध्ये एक्सटर्न लिहा, खरं व्हेरिएबल एकाच सी फाइलमध्ये ठेवा.

अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणजे कंपाइल झालंय, लिंकर अडलाय. दोन गोष्टी तपासायच्या. एक, लायब्ररीचे फ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर आहेत का. आधी असतील तर डेबियनवर बऱ्याचदा चालून जातं आणि उबुंटूवर फुटतं, कारण उबुंटू लिंकरला ॲज-नीडेड हा फ्लॅग आपणहून देतो आणि तोवर कोणी मागितलेली नाही अशी लायब्ररी सोडून देतो. दोन, फंक्शनच्या नावाच्या शेवटी ७२ असा आकडा दिसतोय का. आयसीयू आपल्या फंक्शनच्या नावांना स्वतःचं व्हर्जन चिकटवतं, डेबियन १२ मध्ये ७२ होतं आणि १३ मध्ये ७६ आहे, म्हणजे कोणीतरी जुन्या मशीनवर बनवलेली ऑब्जेक्ट फाइल किंवा डॉट ए फाइल सोर्समध्येच राहिलीय. ती शोधून काढून टाका आणि परत बिल्ड करा. जुनी लायब्ररी कुठून तरी आणून बसवायच्या भानगडीत पडू नका.

सी++ वाल्यांना जीसीसी १३ पासून यूइंट३२-टी ओळखता येत नाही अशी एरर दिसते, तिथे सीस्टडइंट इन्क्लूड केलं की सुटतं. सीमेक ४ ने ३.५ च्या आधीचा मिनिमम सांगणाऱ्या प्रोजेक्टना नकार द्यायला सुरुवात केलीय, मिनिमम वाढवा. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स गेलं, सेटपटूल्सवर या.

यातला प्रत्येक बदल क्विल्टने (पॅच सांभाळणारं टूल) वेगळा पॅच, म्हणजे फक्त तेवढा बदल असलेली फाइल, म्हणून ठेवा, एका कारणाला एक पॅच, वर दोन ओळी की हे का केलं. सगळं एकाच पॅचमध्ये भरलं तर पुढच्या रिलीजला त्यातलं काय अजून लागतंय ते कोणालाच कळत नाही.

डेबियन फोल्डर

मूळ टारबॉलला लिपीबदल, अंडरस्कोर, व्हर्जन, मग डॉट ओरिग असं नाव द्यायचं, आतल्या फोल्डरच्या नावात मात्र अंडरस्कोरच्या जागी हायफन. डीएच-मेक चालवलं की नमुन्याच्या फाइली मिळतात, त्यातल्या न लागणाऱ्या डिलीट करून टाका. उरतात कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट आणि सोर्सचा फॉरमॅट. चेंजलॉग डीसीएचनेच लिहा, त्यात तारखेचा फॉरमॅट आणि स्पेस फार काटेकोर असतात. रूल्स तीन ओळींची, पण तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच पाहिजे, स्पेस चालत नाहीत.

कंट्रोलमध्ये बिल्डला काय लागतं ते बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहायचं, म्हणजे दोन्ही डेव्ह पॅकेजं, पीकेजी-कॉन्फिग आणि डेबहेल्पर-कॉम्पॅट १३. चालताना कुठल्या लायब्ररी लागतात ते मात्र हाताने लिहू नका, तिथे एसएचलिब्ज डिपेंड्सचं व्हेरिएबल ठेवा, टूल तयार बायनरी उघडून बघतं आणि बरोबर नाव, बरोबर व्हर्जन भरतं.

आता डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवा, आणि हाताने नीट झालेलं बिल्ड इथे फुटलं तर घाबरू नका. डेबियन स्वतःचे कडक फ्लॅग्ज देतं, त्यात प्रिंटएफला थेट व्हेरिएबल दिलं तर एरर येते, कारण त्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह आलं तर तो फॉरमॅट समजला जातो, आणि फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामला असा मजकूर रोज मिळणार. प्रिंटएफमध्ये आधी टक्का-एस लिहा. दुसरं म्हणजे इन्स्टॉलच्या वेळी परमिशन डिनाइड आलं तर मेकफाइल डेस्टडिर (फाइली खऱ्या सिस्टिमऐवजी ज्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या तो) पाळत नाहीये, प्रत्येक इन्स्टॉलच्या ओळीत पाथच्या आधी ते घाला, आणि प्रीफिक्स यूएसआर असा रूल्समधून द्या. आणि एकदा होतं, एकदा फुटतं असं चाललं असेल तर मेकफाइलमध्ये कुठलीतरी फाइल कशावर अवलंबून आहे ते लिहायचं राहिलंय, डेबहेल्पर समांतर बिल्ड करतं म्हणून ते आत्ता उघडं पडलं.

रिकामी खोली

तुमच्या मशीनवर पॅकेज तयार झालं याचा अर्थ अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. तुमच्याकडे वर्षभरात काय काय इन्स्टॉल झालंय ते तुमच्याही लक्षात नसतं. भाड्याच्या नवीन खोलीत राहायला गेल्यावर पहिल्या रात्री कळतं की सुरी नाहीये, बादली नाहीये, तसं एसबिल्ड करतं, दर वेळी कोरी सिस्टिम उभी करतं, त्यात फक्त तुम्ही बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहिलेलं टाकतं आणि बिल्ड लावतं. इथे जे सापडत नाही ते लिहायचं राहिलंय.

बिल्ड चालू असताना नेटवरून काही ओढायचं नाही हा डेबियनचा नियम आहे. लॅपटॉपवर तपासायला नेट बंद करून बिल्ड लावा, कल्याणहून सीएसएमटीला येणारे आमचे काही दोस्त हे फास्ट लोकलमध्येच करतात, वाटेत तसंही मधेच नेट जातं. मेकफाइल गुपचूप काही डाउनलोड करत असेल तर लगेच कळतं.

आपल्यासाठी इथे एक खास गोष्ट आहे. कोऱ्या सिस्टिममध्ये लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) कधीकधी नुसतं सी असतं आणि देवनागरी मजकुराच्या टेस्ट तिथे फेल जातात, ळ आणि ऱ्य च्या जागी प्रश्नचिन्हं येतात. टेस्ट बंद करू नका. रूल्समध्ये एलसी-ऑल ला सी डॉट यूटीएफ-८ द्या, आणि प्रोग्राम स्वतः लोकेलवर विसंबून फाइल वाचत असेल तर तेही दुरुस्त करा, कारण तोच प्रकार छापखान्यातल्या मशीनवरही होऊ शकतो.

ॲप्ट नकार देतं तेव्हा

पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या ॲप्टकडून अनमेट डिपेंडन्सीज, म्हणजे लागणारं दुसरं पॅकेज मिळत नाही, असं आलं की ॲप्ट पॉलिसीला त्या अडलेल्या पॅकेजचं नाव द्या, कुठलं व्हर्जन कुठून येतंय ते दिसेल. बहुतेक वेळा कोणीतरी डेबियनवर उबुंटूचा पीपीए (बाहेरच्या कोणी ठेवलेला पॅकेजचा साठा) टाकलेला असतो किंवा १२ आणि १३ च्या ओळी एकाच सोर्सेसमध्ये असतात. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप आणला आणि आधीच्या मालकाचीच सिस्टिम तशीच वापरली तर हे सर्रास मिळतं. परकी ओळ काढा, अपडेट करा, तिथून आलेली पॅकेजं डेबियनच्या व्हर्जनवर उतरवा. फोर्स-डिपेंड्स लावून पुढे ढकलायचं नाही, ॲप्टच्या खाली काम करणारं डीपीकेजी त्या वेळेपुरतं ऐकेल आणि नंतर प्रत्येक इन्स्टॉलला ॲप्ट तिथेच अडेल.

द्यायच्या आधी आणि नंतर

तयार डेब पॅकेजवर लिन्टियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) चालवा, ई ने सुरू होणाऱ्या ओळी सगळ्या सोडवा, डब्ल्यू वाल्या वाचून ठरवा. मग दुसऱ्या कोऱ्या मशीनवर किंवा व्हीएममध्ये इन्स्टॉल करा, जुन्या फॉन्टमधली एक खरी फाइल बदलून बघा, पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढा, आणि मागे काय राहिलं ते बघा.

पॅच स्वतःकडे दाबून ठेवू नका, मूळ लेखकाला पाठवा, जीसीसीच्या कुठल्या व्हर्जनवर काय एरर आली तिची पूर्ण ओळ आणि एका पॅचला एक मेल. बरेच लेखक नोकरी सांभाळून रात्री हे करतात, त्यांना तयार उत्तर मिळालं की ते आनंदाने घेतात, आणि मग फेडोरा, आर्च सगळ्यांचंच काम वाचतं.

नवीन रिलीज आला की यूस्कॅनने टारबॉल घ्या, गिटशी डिफ परत मारा, क्विल्टने एकेक पॅच लावत जा. एखादा लागला नाही तर आधी बघा, तो लेखकाने आत घेतला असेल, तसं असेल तर सिरीज या पॅचच्या यादीतून त्याचं नाव काढा, चेंजलॉगमध्ये एक ओळ लिहा आणि एसबिल्ड परत लावा.