कंदीलपुष्पावर प्रोजेक्ट घेताय? आधी महिना बघा

एम.एस्सी. बॉटनीला आलेल्या आणि शिवाजी विद्यापीठाच्या बागेत प्रोजेक्ट करायचा म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. विद्यापीठ १९६२ चं. बाग ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ म्हणून ओळखली जाते आणि पश्चिम घाटातल्या प्रदेशनिष्ठ, दुर्मिळ जाती जगवणं हे तिचं मुख्य काम. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. आर. यादव यांच्या अभ्यासामुळं कोल्हापूर आणि कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया (कंदिलासारखी फुलं येणारी झाडं) हे समीकरणच झालंय. त्यामुळं नव्या पोराला तोच विषय घ्यावासा वाटतो. घ्या, पण विषय डिसेंबरात ठरवू नका.

मला डिसेंबरात मिळाला. बागेत गेलो तर कुंड्यांत नुसती कोरडी माती. झाडं मेलेली नव्हती. बहुतेक जातींचा वेल पावसाळा सरला की वाळतो, कंद मातीत झोपतो आणि पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो. फुलं साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यानंतर जोडशेंगा. त्या तडकल्या की म्हातारीसारखे केस असलेलं बी वाऱ्यावर जातं. म्हणजे वर्षाचा मोठा भाग तुमच्या हातात काहीच नसतं. तेव्हा ‘बघू तरी’ म्हणून कंद उकरणाऱ्याला बागेत पाऊल ठेवू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रानात माणसं आणि साळिंदर तो कंद खातात, ते पुरे आहे.

हिवाळ्यातच अडकला असाल तर घाबरू नका, वर्ष वाया जात नाही. जुन्नर-शिवनेरीकडची शिंदळ माकुडी मांसल खोडाची, ती उन्हाळ्यातही दिसते. पूर्वी फ्रेरिया इंडिका, आता काही अभ्यासक तिला सेरोपेजियातच धरतात. हर्बेरियम शीट्स म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचे कागदावर चिकटवलेले नमुने बघा, कुठल्या गावाजवळ, कधी गोळा केलंय ते टिपा. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. गाईडपेक्षा माळीमामांना जास्त विचारा, कुठली कुंडी कुठल्या डोंगरावरची ते त्यांना तोंडपाठ असतं.

फूल मिळालं की नळी उभी चिरा. आत खाली वळलेले केस दिसतील, बारीक माशी त्यातच अडकते. तळाशी असतो कोरोना, म्हणजे फुलातला मुकुटासारखा भाग. जात ओळखायला त्याच्या पाळ्यांचा आकार फार कामाला येतो. दाबलेल्या शीटवर तो चपटा होतो, म्हणून एक-दोन फुलं स्पिरिटमध्ये ठेवा. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.