क्रूझवरच्या फ्लोरायडरवर पहिल्यांदा जाणार असाल तर

सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझवर हल्ली मराठी कुटुंबं भरपूर दिसतात. कोल्हापुरातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये पाठ नाहीतर गुडघा दाखवायला आलेली माणसं निघता निघता विचारतात, "मॅडम, त्या जहाजावर पाण्याची लाट असते म्हणे, तुम्ही गेला होता ना? आम्हाला जमेल का?" बहुतेकांना मी हो म्हणते. मात्र त्याच वेळी एक गोष्ट दोनदा सांगते. घाबरल्यावर आपलं शरीर आपोआप दोन हालचाली करतं: पुढे वाकतं, आणि पडताना हात टेकायला जातं. या लाटेवर पुढे वाकलात की पडता, आणि हात टेकलात की मनगट नाहीतर खांदा दुखावतो. या दोन सवयी घरीच मोडून गेलात तर लाटेवर मजा येते. बाकीचं तिथला स्टाफ छान शिकवतो.

आधी ती लाट नेमकी काय असते ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धी भीती जाते. समुद्रात लाट पुढे सरकते आणि आपण तिच्यासोबत जातो. फ्लोरायडरवर, म्हणजे जहाजावरच्या या कृत्रिम लाटेवर, लाट जागच्या जागी असते. पुढच्या, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूने पंप पाण्याचा जोरदार झोत सोडतात. तो झोत चढावर चढतो, वरच्या कडेवरून पलीकडे जातो, तिथल्या जाळीतून खाली उतरतो आणि पुन्हा पंपाकडे येतो. पाण्याचा थर जेमतेम तीन-चार इंचांचा. त्याखाली ताणून बसवलेलं, थोडं लवचिक आवरण असतं. आपलं वजन आपल्याला उतारावरून खाली खेचतं, पाणी वर ढकलतं, आणि या दोघांचा तोल साधला की आपण बोर्डावर पालथे झोपून नाहीतर उभे राहून एका जागी तरंगत राहतो. टॉम लॉकटेफेल्ड या अमेरिकन माणसाची ही कल्पना. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या वॉटरपार्कमध्ये १९९१ साली ती पहिल्यांदा लोकांसाठी खुली झाली, आणि २००६ मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या 'फ्रीडम ऑफ द सीज'वर पहिल्यांदा जहाजावर चढली. आता त्यांच्या बऱ्याच जहाजांवर ती आहे. 'ओअॅसिस' वर्गाच्या जहाजांवर तर दोन-दोन आहेत.

ज्यांना मी जाऊ नका म्हणते त्यांचं आधी सांगते. खांदा एकदा जरी निखळला असेल तर नको. बोर्डाची पुढची कड धरून पालथं झोपल्यावर हात डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, आणि पाण्याने झटका दिला की हात मागे आणि बाहेर फिरतो. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तो अगदी याच स्थितीत. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत, मानेतून हातात मुंग्या येणं, स्लिप डिस्क, अलीकडे झालेलं ऑपरेशन, हृदयविकार आणि गरोदरपण, या सगळ्यांत नको. पन्नाशी उलटलेल्या बायकांनी हाडांची घनता तपासलेली असेल आणि ती कमी आली असेल तर उभं राहून अजिबात नको. पालथं जायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. माझ्या सासूबाई बाजूच्या पायऱ्यांवर बसून व्हिडिओ काढत होत्या आणि त्यांची दुपार आमच्याइतकीच छान गेली. या खेळात बघणाऱ्यांनाही भरपूर मिळतं.

निघायच्या तीन-चार आठवडे आधी घरी तयारी सुरू करा. भुजंगासन करा, पण तळव्यांऐवजी कोपरांवर भार घेऊन. खांदे कानांपासून लांब, मान लांब, नजर समोर. पालथं जाताना हीच स्थिती लागते. प्लँक करा, तीस सेकंदांपासून सुरुवात करून मिनिटापर्यंत जा. उत्कटासन करा, मग एक पाय थोडा मागे ठेवून त्यात वजन हळूहळू मागच्या पायावर न्यायचा सराव करा. दात घासताना एका पायावर उभं राहा. ते सोपं वाटायला लागलं की डोळे मिटून, पण बेसिनजवळ, धरायला आधार असेल असं.

आणि गादीवर पडायचा सराव करा. हे कुणी करत नाही, म्हणून जोर देऊन सांगते. गुडघे वाकवून गादीवर उभे राहा, हनुवटी छातीला लावा, हात घडी घालून छातीशी घ्या आणि कुल्ह्यावरून पाठीच्या बाजूला लोळा. उजवीकडे, मग डावीकडे. सुरुवातीला हात आपोआप सुटून गादीकडे जातात. ते जायचे थांबेपर्यंत करा. पसरलेल्या हातावर पडून मोडलेली मनगटं मी क्लिनिकमध्ये सतत बघते. पावसाळ्यात तर ओल्या पायऱ्यांवर घसरलेल्यांची रांगच लागते. हा सराव वाया जाणार नाही.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम म्हणजे जबाबदारीचा फॉर्म. तुम्ही स्वतःच्या जोखमीवर जाताय असं त्यात लिहिलेलं असतं. मुलांसाठी आई-वडिलांनी सही करायची. पालथं जायला उंची किमान ५२ इंच, म्हणजे १३२ सेंटिमीटर लागते. उभं राहायला ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर. ही उंची स्टाफ खरंच मोजतो. माझी लेक पालथं जाण्याइतकी उंच होती, उभं राहण्याइतकी नव्हती. हे घरीच भिंतीवर मोजून तिला सांगितलं होतं, म्हणून रांगेत रडारड झाली नाही. मूल असेल तर हे नक्की करा. सर्वांसाठी खुल्या वेळेत पैसे लागत नाहीत. खासगी शिकवणीचे मात्र वेगळे पैसे पडतात, आणि उभं राहायचं मनावर घेतलं असेल तर ते सत्कारणी लागतात, कारण एरवी पडलात की पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागतं.

वेळ निवडताना एवढंच बघा की पोर्ट क्लांग किंवा फुकेतसारख्या बंदरावर जहाज थांबतं तेव्हा बहुतेक लोक उतरून फिरायला जातात. त्या दिवशी फ्लोरायडर चालू असेल तर रांग छोटी असते. समुद्रात असलेल्या दिवशी दुपारी सगळं जहाज तिथे लोटतं. पालथं जाण्याच्या आणि उभं राहण्याच्या वेळा बऱ्याचदा वेगवेगळ्या असतात, त्या रोजच्या वेळापत्रकात नाहीतर अॅपमध्ये बघून ठेवा. वारा जोराचा असला की बंद ठेवतात. 'क्वांटम' वर्गाच्या जहाजांवर ही जागा जहाजाच्या मागच्या टोकाला, अगदी वर उघड्यावर आहे, त्यामुळे वाऱ्याला आडोसा नाही.

कपड्यांचं बारीक सांगते, कारण पाण्याचा जोर कपड्यांवरच आधी कळतो. पुरुषांनी नाडी असलेली शॉर्ट घालावी आणि नाडी गाठ मारून आत खोचावी. नुसत्या इलास्टिकवर भरवसा ठेवू नये. बायकांनी अंगासरशी वन-पीस, वर पूर्ण बाह्यांचा स्विम टी-शर्ट आणि खाली लायक्रा शॉर्ट किंवा लेगिंग घालावी. कोपर आणि गुडघे खालच्या आवरणावर खरचटतात, ते यामुळे वाचतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कानातलं, अंगठी, घड्याळ, सगळं केबिनच्या तिजोरीत ठेवून या. जोडवी निघत नसतील तर गावीच सोनाराकडून सैल करून घ्या. चष्मा चालत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर पडल्यावर पाणी तोंडावर येताना डोळे घट्ट मिटा. लांब केसांची घट्ट वेणी घाला. फोन किंवा कॅमेरा हातात घेऊन लाटेवर जाऊ देत नाहीत. जेवून तासभर तरी जाऊ द्या, आणि बिअर नंतर.

आता प्रत्यक्ष लाट. पहिल्यांदा पालथंच जा, कितीही तरुण आणि फिट असलात तरी. माझा भाचा पुण्यात स्केटबोर्ड करतो, त्यालाही मी आधी बूगी बोर्डवर, म्हणजे पालथं झोपायच्या बोर्डवर पाठवलं, कारण पाण्याचा जोर पोटाखाली एकदा जाणवला की पुढे पायाखाली ओळखता येतो. बाजूच्या कडेवर स्टाफ बोर्ड धरून देतो. दोन्ही हातांनी बोर्डाची पुढची कड धरा, कोपरं बोर्डावर टेका, बेंबी साधारण बोर्डाच्या मधोमध, पाय सरळ मागे. सरकताना बोर्डाचं नाक किंचित वर. नाक एकदा पाण्यात गेलं की पाणी बोर्डावर चढतं आणि तुम्ही उलटता. डोळे मिटण्याचा मोह होतो. मिटू नका. झोत जिथून येतो तिकडे बघा.

पहिले काही श्वास काहीच करू नका, तोल सापडू द्या. मग थोडं वजन छातीकडे न्या. बोर्ड सपाट होतो, पाण्याचा अडथळा कमी होतो आणि तुम्ही उतारावरून खाली सरकता. फार खाली गेलात की झोताच्या तोंडाजवळ नाक बुडतं, तेव्हा त्याआधीच कड वर ओढा आणि वजन कमरेकडे आणा. बोर्डाची शेपटी पाण्यात रुतते, पाणी तुम्हाला पुन्हा वर नेतं. असं खाली-वर जाणं हाताशी आलं की मग डावीकडे-उजवीकडे. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचं कोपर हलकंच दाबा, नजर तिकडे वळवा. दोन्ही हळू. झटका दिलात तर बोर्ड आडवा होतो, झोताकडची कड पाण्यात अडकते आणि क्षणात उलटता. झोताकडची कड कधीच खाली जाऊ द्यायची नाही. पालथं असा, गुडघ्यावर असा की उभे असा, हा नियम सगळीकडे तोच.

स्थिर वाटलं तर गुडघ्यावर या. हात कडेवरच ठेवा, एक गुडघा पोटाखाली ओढा, थांबा, मग दुसरा. वजन टाचांवर, वज्रासनात असतं तसं. मगच एक हात सोडा. माझी लेक इथपर्यंत आली आणि तिला पुढे काहीच नको होतं. मला स्वतःला हा टप्पा उभं राहण्यापेक्षा जास्त आवडतो. पाण्याशी इतकं जवळून बोलता येतं आणि पडलात तरी उंची कमी असते.

उभं राहायचा बोर्ड लहान असतो, त्याला खाली पंख नसतात. कुठला पाय पुढे ते आधी जमिनीवर ठरवा: कुणाला तरी मागून हलकेच ढकलायला सांगा, तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो बहुतेक पुढचा. पाय खांद्यांइतके लांब, मागचा पाय शेपटीवर, पुढचा पाऊल पूर्ण टेकवून. गुडघे वाकलेले, कंबर ताठ, आणि वजन मागच्या पायावर जास्त. मागे स्टूल ठेवलंय आणि त्यावर बसायला निघालात, इतकं मागे. समुद्रात सर्फिंग केलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे लाट पकडायला वजन पुढे टाकायची सवय लागलेली असते. स्नोबोर्ड केलेल्यांनाही काही वेळा मुद्दाम सांगावं लागतं.

सुरुवातीला स्टाफ हाताला धरतो. तो हात फक्त तोलासाठी असतो, त्याला लोंबकळू नका. ओढलंत की खांदे पुढे जातात आणि बोर्डाचं नाक खाली. नजर पायांकडे नेऊ नका, डोकं खाली गेलं की वजनही तिकडेच जातं. दुसरा हात कमरेच्या उंचीवर बाजूला सैल ठेवा. स्टाफने हात सोडला की काहीही बदलू नका. जसे होतात तसेच राहा. इथेच बहुतेक जण आनंदाने ताठ उभे राहतात आणि पडतात.

पडणारच आहात, तेव्हा पडायचं कसं. तोल गेला हे कळताच सावरायची धडपड सोडा. पालथं असाल तर बोर्ड सोडून द्या, धरून ठेवलात तर तोच खांदा फिरवतो. उभे असाल तर खाली बसत पडा. हनुवटी छातीशी, हात छातीशी, गादीवर केलंत तसंच. पाणी तुम्हाला चढावरून मागे नेईल, नेऊ द्या. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केलात तर पाय निघून जातो आणि गुडघा पिळवटतो. मागे पाणी शांत होतं तिथे पोचल्यावरच उठा आणि लगेच बाजूला व्हा, मागून दुसऱ्याचा बोर्ड येऊ शकतो.

थकल्यावर थांबा. हातांची पकड सैल व्हायला लागली, किंवा पूर्वी जमत असलेली गोष्ट जमेनाशी झाली, की त्या दिवसापुरतं पुरे. बऱ्याच दुखापती थकल्यावर होतात. आणि मुलांच्या बाबतीत एक विनंती: पायऱ्यांवरून "अजून एकदा, उभी राहा, घाबरतेस काय" असं ओरडू नका. मूल रांगेतून बाहेर आलं तर येऊ द्या. मनात असेल तर ते स्वतःच परत जातं.

दुसऱ्या दिवशी फासळ्या, दंड आणि पोटाचे स्नायू दुखतील. ते साहजिक आहे, दोन-तीन दिवसांत जातं. हात खांद्याच्या वर उचलता येत नसेल, मनगट किंवा गुडघा सुजला असेल, पायावर भार घेता येत नसेल किंवा हातापायात मुंग्या येत असतील तर घरी जाऊन दाखवू म्हणून थांबू नका, जहाजावरच्या मेडिकल सेंटरमध्ये जा. तिथला खर्च तुमच्या केबिनच्या बिलात लागतो आणि तो थोडाथोडका नसतो. म्हणून प्रवासाचा विमा घेतानाच एजंटला विचारा की साहसी खेळांत झालेली दुखापत त्यात धरतात का, आणि त्याचं उत्तर लेखी घ्या.